रिकाम्या चौकोनाच्या मधोमध

तराजू घडवणाऱ्याने आपल्या तराजूची पहिली परीक्षा स्वतः पारड्यात बसून द्यावी, हा दंडक न्यायाचा आहे; परंतु पारड्यात बसल्यावर वजन भलतेच भरले, तर त्याने कशाची इच्छा धरावी, हे कोणत्याच दंडकात सांगितलेले नसते. तराजू खोटा निघावा म्हणजे देह निर्दोष ठरेल, की देह सदोष निघावा म्हणजे तराजू खरा ठरेल? ज्याचे आयुष्य देहात थोडे आणि तराजूत फार खर्ची पडले आहे, त्याला हा प्रश्न दिसतो तितका सोपा नसतो. एस्टेल व्हेली या अभियंत्यापुढे तो एका शुक्रवारी दुपारी येऊन ठाकला, नॉक्सव्हिलबाहेरच्या, वैद्यकीय यंत्रे घडवणाऱ्या पत्र्याच्या छपराच्या कारखान्यात, एस्टेल उघड्या छातीवर कागदी अंगरखा ओढून घेत असताना. आणि त्याच्या मनाने दिलेले पहिले उत्तर इतके विपरीत होते, की पुढे किती तरी काळ ते आठवून तो एकटाच हसत असे.

पडद्यावर त्याचे हृदय होते. आडव्या कापलेल्या डोनटसारखे गोल, मधे पोकळ, नारिंगी उजेडाने भरलेले. आणि एका अंगाला, जिथे हृदयाची भिंत फुप्फुसाला टेकते तिथे, कोणी दातांनी घास तोडावा तशी जांभळी खाच. नारिंगी म्हणजे रक्त पोचते आहे, जांभळे म्हणजे पोचत नाही. हे रंग त्यानेच निवडले होते, कारण घाबरलेल्या माणसाला लाल रंग दाखवू नये असे त्याचे मत होते. नव्या यंत्रात पहिला देह जाईल तो ते यंत्र आखणाऱ्याचा, ही कारखान्याची रीत. त्या रीतीला मान देऊन, हृदयरोगाच्या डॉक्टरीण हेन्झबाई शेजारी उभ्या असताना, तो त्या कड्यात निजला होता. यंत्राला सगळे नुसते ‘कडे’च म्हणत. बाईंनी आपल्या रुग्णालयातून रुबिडियम या किरणोत्सारी द्रव्याची पेटी दुपारपुरती उसनी आणली होती. शिरेतून सोडलेले ते द्रव्य रक्ताबरोबर हृदयाच्या भिंतीत पोचते आणि पाहता पाहता विझून जाते, आणि त्याच्या विझण्याच्या ठिणग्यांतून हे चित्र उभे राहते. एस्टेलच्या मनात आलेला पहिला विचार असा होता की खाचेची कड किती रेखीव आली आहे. जुन्या यंत्रांत अशी कड कधी दिसली नव्हती; तिथे सगळे पाण्यात पडलेल्या शाईसारखे पसरत असे. दुसरा विचार, हे माझे हृदय आहे हा, बराच मागून आला, समारंभाला उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा, दारातच थबकत.

हेन्झबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्या मिनेसोटाकडच्या, बोलणे मोजके, आवाज सपाट.

“एस्टेल, चढ चढताना काही होतं का?”

“गुडघे होतात.”

“छातीत विचारतेय मी.”

“छातीत काही नाही.”

“वडील?”

“एक्याण्णवाव्या वर्षी गेले. शेवटच्या रविवारीसुद्धा चर्चमध्ये गायले.”

बाईंनी पडद्यावरच्या खाचेवर बोट ठेवले. मग म्हणाल्या की पेटी संध्याकाळपर्यंत परत न्यायची आहे, ती पुन्हा मिळेल ती पुढच्या आठवड्याच्या मध्यावर. तेव्हा आज दुसरे चित्र काढता येणार नाही. बुधवारी मात्र त्यांच्याकडे येऊन मनगटातून नळी घालून रक्तवाहिन्या तपासून घ्याव्यात, हे बरे. कारखान्याचा मालक क्लिफ्टन बर्कहार्ट, ज्याने बापाची लाकडाची वखार मोडून हे सारे उभे केले होते, मागे डोनटचा डबा हातात धरून उभा होता. डब्यातल्या आणि पडद्यावरच्या आकारांचे साम्य लक्षात येताच त्याने डबा मुकाट्याने मिटला. सोमवारी सकाळी हे कडे ट्रकवर चढून खोऱ्यातल्या एका रुग्णालयात जायचे होते, तिथे रोगी वाट पाहत होते. त्याने फार जपून विचारले, की मग यंत्राचे काय समजायचे.

“यंत्र खरं बोलत असेल तर तुमचा माणूस आजारी आहे,” हेन्झबाई म्हणाल्या. “माणूस धडधाकट असेल तर यंत्र खोटं बोलतंय. तिसरं काही मला दिसत नाही.”

आणि त्याच क्षणी एस्टेलच्या आत कोणी तरी हात जोडून म्हणाले, देवा, हृदयच बिघडलेले असू दे.

घरी जाताना त्याने गाडी हळू चालवली. शेजारच्या आसनावर कोणी अंड्यांची टोपली ठेवून दिली असावी आणि ती आपल्या मालकीची नसावी, तसे त्याला आपल्या छातीविषयी वाटत होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना डॉगवूडची झाडे फुलली होती, पांढरी, सपाट फुले, थरावर थर. आणि तो त्यांच्याकडे पाहत असला तरी पाहत होता ते कड्याकडे. हे कडे त्याला पहिल्यांदा सुचले ते कारखान्यात नव्हे, ओक रिजच्या प्रयोगशाळेत किरण मोजण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली तिथेही नव्हे, तर डोंगराच्या कुशीतल्या पांढऱ्या चर्चमध्ये, खर्जाच्या बाकावर. तिथे गाणाऱ्यांची बाके चारी बाजूंनी आत तोंड करून मांडलेली असतात. खर्जाचे पुरुष एका अंगाला, वरच्या पट्टीचे समोर, मधल्या आवाजाच्या बायका आणि मुख्य सूर धरणारे उरलेल्या दोन अंगांना, आणि मधे एक रिकामा चौकोन. श्रोते नसतात. आधी नुसती स्वरांची नावे गातात, मग शब्द. ज्याची पाळी असेल तो चौकोनात उभा राहून हात हलवतो, आणि ते गाणे पुरतेपणी ऐकू येते ते त्यालाच. बाकावरच्या प्रत्येकाला आपला आणि समोरच्याचा आवाज तेवढा कळतो. एस्टेलचे बापाशेजारी बसून अर्धे आयुष्य गेल्यावर एका रविवारी त्याला दिसले, की किरण टिपणारे स्फटिक असेच मांडायला हवेत. हृदयात विझणारा प्रत्येक कण दोन किरण सोडतो, एकमेकांकडे पाठ करून सरळ धावणारे. समोरासमोरच्या दोन स्फटिकांनी एकाच क्षणी ओ दिली, तरच ती ओ खरी धरायची; एकट्याने दिलेली ओ म्हणजे भटका आवाज, ती सोडून द्यायची. त्याआधीची यंत्रे मेंदूसाठी आखलेली, आणि मेंदू बिचारा ठेवला तिथे राहतो. हृदय राहत नाही. हलणाऱ्या गोष्टीभोवती स्थिर बसून तिचे ऐकायचे कसे, हे आपल्याला गाणाऱ्यांनी शिकवले, असे तो कधी कोणाला बोलला नव्हता, कारण अभियंत्यांच्या बैठकीत असले वाक्य शोभत नाही. पण कड्यात निजणाऱ्याला एकटे वाटू नये म्हणून त्याने डोक्यावर एक लहानसा आरसा बसवून घेतला होता, ज्यातून काचेपलीकडच्या खोलीतला माणूस दिसे. बर्कहार्टला तो आरसा वायफळ खर्च वाटला होता. एस्टेल म्हणाला होता, चौकोनात उभे राहिलेल्याला समोर एक तरी चेहरा दिसला पाहिजे.

त्याची बायको इमोजीन जिल्ह्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. शेंगांची भाजी आणि मक्याचा कॉर्नब्रेड वाढताना तिने सगळे ऐकून घेतले, आणि कोणतीही बायको विचारील ते प्रश्न आधी विचारले: दुखते का, घाम येतो का, बुधवारी किती वाजता. मग चमचा खाली ठेवून ती नवऱ्याच्या तोंडाकडे निरखून पाहू लागली.

“एस्टेल, तू खूश आहेस.”

“छे.”

“आहेस. गाय व्यायली की तुझे वडील असेच दिसायचे.”

त्याने तिला समजावण्याचा यत्न केला. खाचेची कड रेखीव आहे, असली रेखीव कड खोटी असू शकत नाही, खोटेपणा नेहमी पसरट असतो, असे काही तरी तो म्हणाला. आणि बोलता बोलता त्याच्या ध्यानात आले की तो आपल्या छातीतल्या बिघाडाची वकिली करतो आहे, आणि तीही पोटतिडकीने.

“म्हणजे तुझं यंत्र शहाणं ठरावं म्हणून मी विधवा व्हायचं.”

“विधवा कशाला? नळी घालून मोकळं करतात हल्ली. दोन दिवसांत माणूस घरी.”

“आणि तुझं हृदय चांगलं निघालं तर?”

एस्टेलने कॉर्नब्रेडचा तुकडा मोडला, पुन्हा मोडला, त्याचा चुरा केला. “तर वाईट होईल,” तो म्हणाला.

इमोजीन हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग त्या पाण्यातले किती हसण्याचे आणि किती दुसऱ्या कशाचे, हे तिचे तिलाही कळेना, तेव्हा तिने ते पदरासारख्या धरलेल्या हातपुसण्याने टिपले. इतकी वर्षे आपल्याला सवत आहे हे माहीत होते, ती म्हणाली, पण ती बाई असती तर बरे झाले असते. निदान झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. मग उठून ती त्याच्या खुर्चीमागे आली, वाकली, आणि सदऱ्यावरूनच त्याच्या छातीला कान लावला. केसांना मक्याच्या पिठाचा वास येत होता. “ते कडं काय म्हणतं ते म्हणू दे,” ती म्हणाली. “मला तर बरं ऐकू येतंय.”

शनिवारी तो घरामागच्या टेकडीवर चढला. फिरायला जातो म्हणाला, परंतु चढू लागला तो धावत सुटल्यासारखा, आणि अर्ध्या वाटेवर त्याला आपला हेतू स्पष्ट दिसला: तो छातीत दुखते का ते पाहत होता. एखादी कळ यावी, डाव्या दंडात मुंग्या तरी याव्यात, याची तो आशेने वाट पाहत होता. गुडघे दुखले, पोटऱ्या भरून आल्या, टाचेला बूट लागला. छाती मात्र एखाद्या निर्लज्ज बैलासारखी श्वास ओढत होती आणि सोडत होती, जणू तिला कोणी काही विचारलेच नव्हते. माथ्यावरच्या कुंपणाला टेकून तो उभा राहिला. खाली स्वतःचे घर, ओसरीवर इमोजीनचा लहानसा निळा ठिपका, हात कपाळाशी धरून वर पाहणारा. निरोगीपणाने माणूस इतका हिरमुसला होऊ शकतो, हे त्याला ठाऊक नव्हते. लाज वाटली, पण लाजेच्याही तळाशी काही होते, आणि तो स्वभावाने तळ पाहणारा होता. त्याला एक बाई दिसू लागली. अनोळखी, साठीची, खोऱ्यातल्या कोणत्या तरी गावची, अंगावर तोच कागदी अंगरखा. ती कड्यातून बाहेर येते आहे, पडद्यावर जांभळी खाच आहे, आणि कोणी तिला सांगते आहे की तुमच्या हृदयाची एक भिंत मरते आहे. आणि भिंत मेलेली नाही. ती त्या रात्री लेकीला फोन करते. ती छातीवर सुरी चालवून घेते, नको असलेली. आपले हृदय आजारी असावे ही इच्छा त्या बाईच्या वतीनेही होती, हे त्याला आता कळले. तिचे भले व्हावे म्हणून आणि आपले नाव राहावे म्हणून, अशा दोन्ही आवाजांत ती एकाच वेळी उमटली होती, आणि त्यातला कोणता खरा धरायचा हे सांगणारे कडे त्याने अजून घडवलेले नव्हते. ट्रक सोमवारी निघणार होता, बुधवार त्याच्या मागून येणार होता. क्लिफ्टनला थांब म्हणायचे, तर कशाच्या जोरावर? आणि जा म्हणायचे, तर कोणाच्या जिवावर? तो खाली उतरला तेव्हा इमोजीनने विचारले, की काय झाले. “काही नाही,” तो म्हणाला, आणि ते त्याने इतक्या खिन्नपणे म्हटले की ती पुन्हा हसत सुटली.

रविवारी गाणे होते. झाडांखाली लांब टेबले मांडलेली, त्यांवर झाकलेली ताटे, तळलेल्या कोंबडीचा आणि सफरचंदाच्या थरांच्या केकचा वास उघड्या खिडक्यांतून आत येत राहिलेला. एस्टेल खर्जाच्या बाकावर, टोकाला, जिथे त्याचे वडील बसत. इमोजीन डाव्या अंगाच्या बायकांत. हे लोक वाट पाहत नाहीत. एक गाणे संपते तोच दुसऱ्याचे नाव पुकारले जाते. मधल्या वयाच्या एका शेतकऱ्याने एक गायले, त्याच्या मावशीने एक गायले, आणि मग जुनेल ट्रेंटमचे नाव आले. जुनेल म्हणजे कारखान्यात कडे चालवणारी, काचेपलीकडे बसणारी, शुक्रवारी त्याच्या दंडाला सुई लावून “टोचतंय हं, मिस्टर एस्टेल,” म्हणणारी बाई. ती पंचेचाळिशीची, ठसठशीत अंगाची, आणि चौकोनात उभी राहिली की कारखान्यातल्यापेक्षा वीतभर उंच दिसे. तिने पुस्तकातले पान सांगितले. सूर देणाऱ्या म्हाताऱ्याने डोळे मिटून आधी खालचा, मग वरचा स्वर सोडला, प्रत्येक बाकाने आपापला उचलून गुणगुणला, आणि क्षणभर सारे स्तब्ध झाले. जुनेलने उजवा हात वर उचलला.

आणि एस्टेलची छाती भरली. त्याने भरली नाही, ती भरली. बरगड्या रुंदावल्या, पोट पुढे आले, पट्टा करकचला, हवा खोल तळापर्यंत उतरली, आणि या सगळ्यात त्याला कोणी विचारले नाही. आजूबाजूच्या साऱ्या छात्या त्याच क्षणी तशाच वर आल्या होत्या, वाऱ्याने शेत एका बाजूला कलावे तशा. आणि त्या भरलेल्या छातीच्या आत, अजून स्वर फुटायचा असताना, त्याला बाकाचा गारवा आठवला. पाठीला. हेच चर्च, गाणे नसलेला कुठलासा शनिवार. तो सहा-सात वर्षांचा, याच बाकावर उताणा निजलेला, पोटावर गाण्यांचे जाड आडवे पुस्तक ठेवलेले, आणि त्याचे वडील वरून वाकून सांगत आहेत की खांद्याने श्वास घेतात ते शहरी लोक. हात वर गेला की पुस्तक वर आले पाहिजे, नाही आले तर पुन्हा. हात वर. पुस्तक वर. हात वर. पुस्तक वर. बाहेर सुतारपक्षी टोकरत होता आणि बापाच्या हाताला तंबाखूच्या पानांचा वास होता. उताणा निजलेला, वर पाहणारा, वर उचललेला हात.

लहानसा आरसा.

त्याला तो आरसा इतका स्वच्छ दिसला की चर्च त्यापुढे फिके पडले. शुक्रवारी तो उताणा निजलेला आहे, हात डोक्यामागे. आरशात काच, काचेपलीकडे जुनेल. हृदयाचे चित्र निवांतपणे, सावकाश श्वासांत घेऊन झाले आहे. आता उरले आहे ते सीटी स्कॅनचे, म्हणजे क्ष-किरणांचे, क्षणभराचे चित्र, देहाचा नकाशा काढणारे. कारण किरण देहातून बाहेर येताना वाटेत जे हरवते, ते कुठे किती हरवले हे त्या नकाशावरून ठरवून परत भरायचे असते. आरशात जुनेल हात वर करते. आणि त्याच्या पोटावरचे पुस्तक वर येते. फुप्फुसे फुगतात, हृदय खाली घसरते, आणि नकाशात हृदयाच्या भिंतीच्या जागी निव्वळ हवा नोंदली जाते. हवेतून येताना काहीच हरवत नाही, असे समजून यंत्र तिथे काही भरत नाही. उरते जांभळी खाच, रेखीव कडेची.

हृदय खोटे नव्हते. कडेही खोटे नव्हते. दोघे दोन वेगवेगळ्या श्वासांत बोलले होते, इतकेच.

सारे बाक गात होते आणि एस्टेल हसत होता. भरून घेतलेला तो सारा श्वास हसण्यातच गेला, आणि खर्जाचा सूर टोकाकडून असा काही ढासळला की समोरच्या बाकावरची माणसे पुस्तकांवरून डोकावू लागली. जुनेलने हात न थांबवता त्याच्याकडे एक कटाक्ष टाकला, ज्यात सोमवारी कारखान्यात चुकवायचा सारा हिशेब होता. बायकांच्या बाकावरून इमोजीन पाहत होती. आता ती मात्र हसत नव्हती. तिने डोळ्यांनी विचारले. त्याने छातीवर हात ठेवून मान हलवली, आणि तिला त्यातून नेमके काय कळले देव जाणे, पण तिने पुढची ओळ इतक्या मोठ्याने उचलली की शेजारणीने कान चोळला.

जेवणाच्या वेळी झाडाखाली त्याने जुनेलला गाठले. तिच्या ताटात केकचे दोन तुकडे होते आणि ती अजून रागावलेली होती.

“मिस्टर एस्टेल, माझ्या गाण्याला हसायचं असेल तर बाहेर जाऊन हसावं माणसानं.”

“जुनेल, शुक्रवारी सीटी सुरू करताना तू हात वर केलास?”

ती थांबली. आठवू लागली. काचेतून बोलण्याचा माईक खरखरत होता, ती म्हणाली. तेव्हा आता सुरू करते, पडून राहा, असे तिने हातानेच दाखवले. “का? तुम्ही काय केलंत?”

“श्वास घेतला.”

“किती?”

“शेवटच्या कडव्याला पुरेल इतका.”

जुनेलने ताट टेबलावर ठेवले, तोंडावर हात घेतला, आणि मग दोघेही असे हसू लागले की इमोजीनला मधे येऊन, दोघांपैकी कोणाला डॉक्टर लागणार आहे, असे विचारावे लागले. त्याने तिला सांगितले. गणित शिकवणारीला ते दोन वाक्यांत कळले. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले, सगळ्या मंडळीसमोर, जे त्या चर्चच्या अंगणात फारसे कोणी करत नाही, आणि कानाशी म्हणाली, “मग आता वाईट झालं का चांगलं?” त्याने केकचा मोठा घास घेतला आणि तो घशाखाली सहज उतरला.

तरी सोमवार सोपा नव्हता. सकाळी जुनेलने हृदयाचे चित्र आणि देहाचा नकाशा एकावर एक ठेवले. शुक्रवारपासून ते कोणीच तसे ठेवून पाहिले नव्हते; पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पुतळ्यावर ते नेहमी केसभरही न हलता जुळत आले होते, म्हणून माणसावरही जुळतच असणार, असे सगळ्यांनी धरले होते. पुतळ्याला कोणी हात वर करून दाखवला नव्हता. नारिंगी कडा एकीकडे, नकाशातले हृदय बोटभर खाली. आणि खाच होती तिथे निव्वळ फुप्फुसाचा काळोख. हेन्झबाईंनी फोनवर सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या की बुधवारची नळी रद्द, पुन्हा चित्र काढायचे असेल तेव्हा त्या पेटी घेऊन येतील. आणि आपल्याला तिसरे काही दिसत नाही असे आपण म्हणालो होतो, ते आपण मागे घेतो. क्लिफ्टन बर्कहार्टला आनंद आवरेना. त्याने एस्टेलच्या पाठीवर इतक्या जोराने थापा मारल्या की आजारी हृदय असते तर तिथेच बंद पडले असते. बाहेर ट्रक उभा होता, चालक कॉफी पीत होता. “माणूस बरा, यंत्र बरं,” क्लिफ्टन म्हणाला. “चढवा.”

एस्टेलला टेकडीवरची ती अनोळखी बाई आठवली. तिला कोणी बाकावर निजवून श्वास शिकवला नसेल. पण ती भिईल, आणि भ्यालेला माणूस श्वास आवळून धरतो. दुसरा कोणी खोकेल. तिसऱ्याला नेमक्या त्या क्षणी, घरी एकटे सोडून आलेले कुत्रे आठवून सुस्कारा येईल. प्रत्येकाच्या आयुष्यात कुठे ना कुठे एक हात वर उचललेला असतो, आणि तो पाहून छाती भरते, हे त्याने कड्याला कधी शिकवलेच नव्हते. त्याने गाणाऱ्यांची बाके उचलली, चौकोन उचलला, समोरासमोरची ओ उचलली. श्वास तेवढा चर्चमध्येच राहिला होता.

“क्लिफ्टन, हे जाणार नाही,” तो म्हणाला. नकाशा एका क्षणात काढायचा नाही. पूर्वीच्या यंत्रांत असे तशी एक किरण सोडणारी कांडी हृदयाभोवती हळूहळू फिरवायची, कितीतरी श्वास आत-बाहेर होऊ द्यायचे, म्हणजे नकाशाही हृदयासारखाच श्वासांत भिजलेला निघेल. त्याला महिने लागतील.

क्लिफ्टनने बाहेरचा ट्रक बोटाने दाखवला. मग तो समजावू लागला. रोग्याला सांगायचे, हलका श्वास घ्या. भिंतीवर पाटी लावायची. जुनेलने हात खिशात घालून बसायचे.

“माणसाला सांगून माणूस सुधारत असता, तर हे कडं कशाला लागलं असतं?”

यावर क्लिफ्टन बर्कहार्टने वखारीच्या वेळेपासूनचा असावा असा एक श्वास घेतला. लांब, खोल, खांदे कानांपर्यंत नेणारा, आणि तो तसाच छातीत धरून तो दारातून ट्रककडे पाहत राहिला.

“आत्ता तुझं हृदय कुठं आहे?” एस्टेलने हळूच विचारले.

क्लिफ्टनने खाली पाहिले, स्वतःच्या फुगलेल्या छातीकडे, सदऱ्याच्या ताणलेल्या गुंडीकडे. जुनेलने तोंड वळवले. मग तो श्वास हळूहळू, शिट्टी वाजल्यासारखा, बाहेर गेला. “बोटभर खाली,” तो म्हणाला, आणि चालकाला सांगायला स्वतः बाहेर गेला. कॉफीचा दुसरा पेला आणि उरलेले डोनट घेऊन रिकामा ट्रक डोंगराकडच्या वाटेने परतला.

कांडी बसवून झाली तेव्हा डॉगवूडची पाने लाल होऊ लागली होती. एस्टेल पुन्हा कड्यात निजला. इमोजीन या वेळी काचेपलीकडे जुनेलच्या शेजारी होती. आरशात दोघींचे चेहरे मावत होते. जुनेल मुद्दाम आपल्या दोन्ही हातांवर बसली होती आणि हे त्याला दिसावे म्हणून अंमळ उठून ते दाखवत होती. कांडी फिरू लागली. त्याने श्वास घेतला आणि सोडला, कोणी न सांगता, पाहिजे तसा; आणि मधेच एकदा जुन्या गाण्याची खर्जातली ओळ मनात आली, तेव्हा छाती किंचित जास्त भरली, आणि तिला त्याने भरू दिले. पडद्यावर हृदय उमटले: नारिंगी, गोल, अखंड. हेन्झबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या पहिल्यांदा हसल्या. एस्टेल ते पाहून सुखावला. पण कोणत्या गोष्टीने, हृदयाने की कड्याने, हे वेगळे काढायला तो या वेळी गेला नाही.

जे त्या रिकाम्या चौकोनात निजतील, त्यांना समोर एक ओळखीचा चेहरा दिसो. जे काचेपलीकडे बसतात, त्यांचे हात निश्चिंत राहोत. जे ओसरीवर कपाळाशी हात धरून वाट पाहतात, त्यांचे माणूस टेकडीवरून धापा टाकत परत येवो. आणि प्रत्येकाच्या छातीतला श्वास, भ्यालेला वा गाणारा, ज्याला मोजायचा आहे त्याच्या मोजण्यात सामावून जावो.